डोक्यावरची घडी

इराचा फोन आला तेव्हा मी शारजातल्या अल नहदात आमच्या इमारतीखाली गाडी लावायला जागा शोधत होते. "मावशी, मम्मा इज गॉन..." एवढंच म्हणाली. मीनल, इराची आई, समोरच्या दारातली माझी शेजारीण आणि मैत्रीण, अबुधाबीच्या हॉस्पिटलात कॅन्सरने वारली होती. मागून हॉर्न वाजत राहिले आणि मी वेड्यासारखी जागाच शोधत होते.

महिना होत आला. सगळे तिच्या धीराबद्दल बोलतात. मला आठवतो तो तिचा संकोच. ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढल्यापासून ती आरशासमोर साडी नेसत नसे, माझ्यादेखत ब्लाउजही बदलत नसे. तरी आम्हा दोघींची जपानची टूर तिनेच ठरवली. डोंगरातलं गरम झऱ्यांचं गाव, रस्त्याकडेच्या गटारांतूनही वाफा निघणारं. "जूनमध्ये शारजात नळाला येतंच की असं पाणी, तेही फुकट!" मी चिडवलं होतं.

तिथे पोचल्यावर कळलं, बायकांच्या सामाईक स्नानगृहात अंगावर काहीही चालत नाही. मीनल आत आलीच नाही. दोन दिवस रस्त्यावरच्या कुंडात नुसते पाय सोडून बसली. शेवटच्या सकाळी मात्र स्वतःच म्हणाली, "यल्ला, चल. बघू काय होतं ते." आणि बॅगेतून दिवाळीचं उरलेलं उटणं काढलं.

आत बायका बुटक्या स्टुलांवर बसून आधी अंग घासत होत्या. "अगं, हे तर आपलं पाटावरचं अभ्यंगस्नान!" असं म्हणत तिने एका हाताने माझ्या पाठीला उटणं चोळलं. दुसऱ्या हाताने छातीवरचा छोटा टॉवेल घट्ट धरला होता. शेजारच्या जपानी आजींनी वास घेत हात पुढे केला, तर त्यांनाही लावून दिलं. अंग धुऊन मीनल टॉवेलसकट पाण्यात उतरू लागली, तशा त्या आजी हाताने नको नको करत आपल्या डोक्याकडे बोट दाखवू लागल्या. टॉवेल पाण्याला लावायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा, ही तिथली रीत. मीनल पायरीवर थबकली... मला वाटलं, आता मागे फिरणार. तिने टॉवेल छातीवरून काढला, नीट घडी घातली आणि डोक्यावर ठेवला. आजींनी व्रणाकडे एकदा पाहिलं आणि सरकून तिला जागा करून दिली.

"खलास!" गळ्यापर्यंत बुडत ती म्हणाली, "उगाच जीव जाळला गं इतके दिवस." माझा टॉवेल सारखा घसरून पाण्यात पडायचा आणि ती खो खो हसायची. तिचा एकदाही पडला नाही.

शेवटची आंघोळ घालायला इराने मला बोलावलं. "चादर असू दे अंगावर," कुणीतरी म्हणालं. मी ती बाजूला केली आणि तिच्या पाठीला, छातीला, त्या व्रणालाही उटणं लावलं. रडू आवरत नव्हतं, आवरलंही नाही.

जपानमधला तो छोटा टॉवेल तिच्या हॉस्पिटलच्या बॅगेत निघाला. "यू कीप इट, मावशी," इरा म्हणाली. आता तो माझ्या बाथरूममध्ये असतो. काल आंघोळीला बसताना त्याची घडी घालून डोक्यावर ठेवली. घसरून बादलीत पडली. कुणी हसलं नाही.