शोभाताईंची पावती आणि झोपणारा सर्व्हर

गजाननभाऊ आज सकाळी गेले.

त्यांनी माझी एक चूक सहा वर्षं स्वतःपाशी ठेवली. आज ती मीच सांगतो.

जे त्यांना ओळखत नव्हते त्यांच्यासाठी: मूळ गाव रिठद, वाशीमला कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान, गळ्यात लाल दोऱ्याला बांधलेला पेनड्राइव्ह.

मी तेव्हा कारंजा लाडच्या एका सहकारी गोदामाचा व्यवस्थापक होतो. शेतकरी सोयाबीन किंवा तूर घेऊन आला की फाटकावरच्या काउंटरवर वजन नोंदवून त्याला आवक पावती द्यायची, ही पद्धत. सकाळी गर्दी, म्हणून तीन काउंटर. दुपारी एकच, आणि त्यावर शोभाताई.

नवीन सर्व्हर बसवला त्या हंगामात दुपारच्या पावत्या रेंगाळू लागल्या. उन्हात ताटकळलेले शेतकरी तक्रार घेऊन थेट माझ्या केबिनमध्ये येत.

मी बी.कॉम. झालेला माणूस. अंदाजावर माझा विश्वास नाही.

पंधरा दिवस स्टॉपवॉच घेऊन बसलो. कोष्टक केलं. सकाळी काउंटरवर बसणाऱ्या वानखडेंची पावती चार सेकंदांत निघते, शोभाताईंची अकरा.

कोष्टकाखाली शेरा लिहिला: कामाचा वेग असमाधानकारक, पुढील हंगामात नेमणूक देऊ नये.

त्या नोकरीवर त्यांचं घर चालत होतं. मला ते माहीत होतं. शेरा लिहिताना मात्र ते अप्रस्तुत वाटलं.

त्यांना बोलावून कोष्टक दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाल्या,

"साहेब, मी बटन दाबतो अन् मंग वाट पाह्यतो. तुमी तो वाट पाह्याचा येळ माह्या नावावर लिहून राह्यले."

मी म्हणालो, सर्व्हर सर्वांना एकच आहे. वानखडेंना तो थांबवत नाही.

या उत्तराचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

कोष्टक संचालक मंडळापुढे जाण्याआधी अध्यक्षांनी सुचवलं की यंत्रही एकदा तपासून घ्यावं. म्हणून गजाननभाऊ आले. एसटीने, एकटे.

पहिला दिवसभर त्यांनी कशालाही हात लावला नाही. सकाळी वानखडेंच्या मागे उभे, दुपारी शोभाताईंच्या मागे. संध्याकाळी माझं कोष्टक मागितलं.

"लय बारीक लिवलं साहेब. पण त्या येळेले काउंटर किती चालू होते, ते कुठं हाय?"

तो रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माणसं बदलली. सकाळच्या गर्दीत शोभाताईंना बसवलं. चार सेकंद. दुपारी एकट्या वानखडेंना बसवलं.

अकरा.

शोभाताई बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय वानखडे, जेवन जड झालं काय?"

गोदामात त्या दिवशी पहिल्यांदा हसू फुटलं. मी हसलो नाही.

मग गजाननभाऊंनी जे केलं, ते मला आजही विलक्षण वाटतं. त्यांनी सर्व्हरला एक निरर्थक काम लावून दिलं. नुसती आकडेमोड, जिचा कोणालाही उपयोग नाही. आणि वानखडेंना म्हणाले, आता काढा पावती.

चार सेकंद.

काम वाढवलं, तर यंत्र जलद झालं.

त्यांनी मला समजावलं ते असं. आमचा जुना प्रोग्रॅम एका पावतीसाठी सर्व्हरला हजारो बारीक प्रश्न विचारतो. दोन प्रश्नांच्या मध्ये क्षणाहूनही लहान फट असते. वीज वाचवण्याची सेटिंग कडक असेल, तर प्रोसेसर तेवढ्या फटीतही गाढ झोपतो. जागं व्हायला त्याला किंचित वेळ लागतो. तो किंचित वेळ हजारो वेळा साचला की सेकंद होतात. सकाळी तीन काउंटर त्याला झोपूच देत नाहीत. दुपारी एकट्या बाईंच्या वाट्याला झोपलेलं यंत्र येतं.

"बाई हळू नाई साहेब. मशीन झोपून राह्यली."

त्यांनी वीज बचत सरसकट बंदही केली नाही. टेबलांवरच्या कॉम्प्युटरांची तशीच ठेवली. सर्व्हरची फक्त गाढ झोप बंद केली. म्हणाले, डुलकी घेऊ द्या त्याले.

त्यानंतर त्यांनी सर्व्हर बसवल्याची फाईल मागितली. त्यात एक सूचना होती: वीज बचतीच्या सर्व सोयी कमाल पातळीवर चालू ठेवाव्यात.

खाली माझी सही.

त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि फाईल मिटली.

इतक्यात अध्यक्ष आले. त्यांनी विचारलं, ही सेटिंग लावली कोणी?

"कोनं लावली ते जाऊ द्या, आता काढली," गजाननभाऊ म्हणाले आणि चहा मागितला.

शेरा मी त्याच दिवशी फाडला. शोभाताईंची नेमणूक कायम राहिली.

बसस्टँडवर गजाननभाऊंना सोडायला गेलो. तिथे ते एवढंच म्हणाले,

"वीज वाचवणं काही गुन्हा नाई साहेब. पण त्या बाईले एकडाव खरं सांगजा."

मी शोभाताईंना सांगितलं, यंत्रात दोष होता.

ते वाक्य खोटं नव्हतं. अपुरं होतं. आणि अपुरी नोंद म्हणजे काय, हे मला त्या कोष्टकाने पुरेसं शिकवलं होतं.

पुढे गजाननभाऊ भेटत राहिले. एकदाही त्यांनी विचारलं नाही, सांगितलं का म्हणून. मी माणसांना मोजताना आता आधी त्यांच्यासमोरचं यंत्र पाहतो, परिस्थिती पाहतो. ही सवय त्यांची देणगी आहे.

शोभाताई, आपण हे वाचाल. ती सेटिंग मी लावायला सांगितली होती. अकरातले सात सेकंद माझे होते. मला क्षमा करा.

गजाननभाऊ, उशीर झाला, पण सांगितलं.

आता स्वस्थ झोपा. कृतज्ञ नमस्कार.