काळ्या पट्ट्या आणि आण्णांचे हात

मंडळी, आज सकाळी माझी एक चूक आईनं पकडली.

घरातल्या जुन्या डीव्हीडी मी संगणकावर उतरवतेय, म्हणजे हव्या तेव्हा टीव्हीवर लावता येतील. आज आई-बाबांच्या लग्नाची पाळी होती. जुनं चित्र चौकोनी, टीव्ही रुंद, त्यामुळं दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. चित्र ताणलं, तर बाबा म्हणाले, "लग्नातच एवढा जाड होतो व्हय मी?" मग मी वरून-खालून कापून पडदा भरला.

नवरदेवाचे पाय धुण्याचा विधी आला आणि आई पुढं सरकली.

"अगं, आण्णांचे हात कुठं गेले?"

आण्णा म्हणजे तिचे वडील. ते आता नाहीत. पाय धुणारे त्यांचे हात चित्राच्या खालच्या कडेला होते आणि मी तीच कड कापली होती.

संगणकावर कापलेलीच प्रत होती, म्हणून मी डीव्हीडी पुन्हा घातली. डिस्कवर ओरखडे होते, पुन्हा चालेल की नाही कोण जाणे. दोनदा अडकली, तिसऱ्यांदा चालली. या वेळी मी काहीच कापलं नाही.

आई त्या हातांकडं बघत राहिली. बाबा म्हणाले, "माझे पाय बी आले की परत!"

मी पट्ट्यांबद्दल सारवासारव करू लागले, तर आई म्हणाली, "राहू दे त्या पट्ट्या. समास सोडून लिहायला मीच शिकवलं ना तुला?"

शाळेआधी पाटी-वहीवर लिहायला तिनंच शिकवलं होतं.

तुमच्या जुन्या व्हिडिओंच्या कडेला कोण आहे? कापण्याआधी घरच्यांना एकदा विचाराल का?