घटासमोर उतरलेली साखर

नातवंडांनो, तुमच्यातल्या थोरलीनं तिच्या अभ्यासासाठी मला एक काम दिलं होतं. आपल्या जिल्ह्यातली माणसं मधुमेहाबद्दल कोणत्या शब्दांत बोलतात ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं आणि परवानगी घेऊन मोबाईलवर टिपायचं. मला ते काम आवडलं. माझी स्वतःची शुगर जुनी आहे. इथे शहरात, आमच्या सावेडीत, सकाळी फिरायला येणाऱ्या निम्म्या बायकांनाही ती आहे. एकीला विचारलं की चौघी बोलायला लागतात.

मधुमेह हा शब्द फक्त दवाखान्याच्या भिंतीवर असतो, हे मला लवकरच कळलं. माणसांना शुगर 'निघते'. आधी ती 'बॉर्डरवर' असते, मग 'वाढते', मग गोळी 'चालू होते', आणि शेवटी माणूस 'सुईवर जातो'. हे शेवटचं सांगताना सगळ्यांचाच आवाज खाली येतो. एक बाई मात्र म्हणाल्या, "आमच्या ह्यांची शुगर फार स्ट्राँग आहे हो," अगदी चहाबद्दल बोलावं तशा.

मी हे सगळं नीट वर्गवारी करून थोरलीला पाठवत होते. एकदा तिनं विचारलं, "आजी, आणि कमी झाली तर काय म्हणतात?" मी आठवून पाहिलं. वाढलेल्या साखरेबद्दल लोक तासन् तास बोलले होते. कमी होण्याबद्दल शहरातल्या एकदोघी 'लो झाली' म्हणाल्या होत्या, बाकी कोणी काहीच नाही. खेड्यात विचारून सांगते, असं मी तिला कळवलं आणि नवरात्रात पुणतांब्याला गेले.

पुणतांब्याला तुमची आत्याआजी असते. तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वैनी. तिलाही शुगर आहे. मी पोहोचले तेव्हा अष्टमीची दुपारची आरती सुरू होत होती. पुरुष सोयाबीन काढायला शेतात गेले होते आणि घटासमोर शेजारच्या बायका दाटीनं उभ्या होत्या. आरतीनंतर माझ्याशी बोलायला त्या तयार होत्या. गुडघ्यामुळे मला भिंतीकडेला खुर्ची दिली होती. पर्स मांडीवर ठेवून मी टाळ्या वाजवत होते.

आरती अर्ध्यावर आली आणि वन्सं थरथरायला लागल्या. हातातलं ताट डगमगलं. ते त्यांच्या सुनेनं पटकन धरलं. वन्सं खाली बसल्या, पदर घसरला, डोळे उघडे पण कुठेच न पाहणारे.

"आली! आई आली!" शेजारची एक म्हातारी ओरडली.

अंगात येणं तुम्ही पाहिलेलं नाही. देवी बाईच्या शरीरात येते आणि तिच्या तोंडून बोलते, असं इथे मानतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते पाहत आले आहे आणि त्याला कधी हसलेले नाही. त्या दिवशीही मी हात जोडले. बायकांनी वन्संचे केस मोकळे केले, मळवट भरला, पायांवर पाणी घातलं.

"आई, माझ्या पोराचं लगीन कवा जमल?" म्हातारीनं विचारलं.

वन्सं काहीतरी पुटपुटल्या. पुन्हा पुटपुटल्या तेव्हा मला ऐकू आलं, "पानी... पानी..."

"नदीपल्याडची पोरगी सांगतीया!" मागून एकजण म्हणाली. म्हातारीनं जमिनीला डोकं टेकवलं.

मी उठले ते पाणी द्यावं म्हणून. भांडं वन्संच्या ओठांना लावताना माझा हात त्यांच्या गळ्याला लागला. गळा ओला आणि थंडगार होता. वरच्या ओठावर घामाचे थेंब, बोटं लुगड्याचा काठ उगाच चिवडत होती. हे मला ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात माझी अशीच अवस्था झाली होती, आणि माझी बोटंही अशीच टॉवेल चिवडत होती.

"आज काही खाल्लंय का ह्यांनी?" मी सुनेला विचारलं.

"उपास हाय की. सांजच्यालाच खातात."

"आणि गोळ्या?"

"त्या सकाळीच घेतल्या. औषधानं उपास मोडत न्हाई. गोळी कंदी चुकवत न्हाईत त्या," सून कौतुकानं म्हणाली.

माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी कायम असते. मी ती फोडली, तेवढ्यात म्हातारीनं माझं मनगट पकडलं.

"अवो, काय करताय? आईचं बोलनं व्हायचंय अजून!"

"ह्यांची साखर उतरलीय. सोडा हात."

"उतरली तर चांगलंच की! शुगरवालीच्या तोंडात साखर घालताय? मारायची हाय व्हय तिला?"

पाच-सहा बायका एकदम बोलायला लागल्या. वन्संची मान एका बाजूला कलत होती. मी सुनेकडे वळून म्हणाले, "तुझी सासू हातची जातेय. ह्या म्हातारीला बाजूला घे."

सून क्षणभर आम्हा दोघींकडे पाहत राहिली. मग तिनं म्हातारीला धरून मागे ओढलं. "मावशी, सरका. माझी सासू हाय ती."

ग्लुकोज बोटावर घेऊन मी वन्संच्या गालाच्या आतून चोळत राहिले. गिळता यायला लागल्यावर पाण्यातून घोट घोट दिलं. बऱ्याच वेळानं त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

"वैनी, कवा आलात?" त्या म्हणाल्या. मग जिभेवरची चव कळली असावी. "माझा उपास मोडला का?"

"मोडला की. आई ग्लुकोज पिऊन गेली तुझी," म्हातारी फणकारली. दोघीतिघी हसल्या. मी आणि सुनेनं मिळून वन्संना लगेच दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टरांनी बोटातून रक्त घेतलं. इतकं ग्लुकोज पोटात जाऊनही आकडा कमीच होता. असं पूर्वी कधी झालं होतं का, त्यांनी विचारलं.

"असं न्हाई, अंगात येतंया," सून म्हणाली. "औंदाच यायला लागलं. श्रावणात सोमवारी आलं पहिल्यांदा. मग एकादशीला. मग परत..." ती बोलता बोलता थांबली. सगळे उपवासाचे दिवस होते. डॉक्टरांनी कागद पाहिले. गोळी आषाढात वाढवली होती.

"मग शुद्धीवर कशा यायच्या?" मी विचारलं.

"आई जाताना तीर्थ देतो की. दूध-साखरेचं."

"शुगर असून साखर द्यायचात?"

"ती साखर आईची असती. सासूबाईंना लागत न्हाई."

कमी झालेल्या साखरेला खेड्यात काय म्हणतात, ते मला आता कळलं. श्रावणापासून ही बाई दर उपवासाला मरणाच्या दारात जात होती आणि गाव तिच्या पाया पडत होतं. प्रश्न संपायला एखाद्या दिवशी उशीर झाला असता तर?

आता उपवासालाही आधी खायचं, मगच गोळी, असं डॉक्टरांनी बजावलं. संध्याकाळी वन्सं घरी पडून होत्या. मी पाय दाबत बसले होते. त्यांनी पाय ओढून घेतले.

"वैनी, मग ती येतच नव्हती का?"

"ते मला कसं कळणार, वन्सं? साखर उतरली होती, एवढं खरं."

त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "ह्या घरात मला कंदी कुनी काय इचारलं न्हाई. शेत इकताना न्हाई, लेकीचं लगीन ठरवताना न्हाई. औंदा लोक घर शोधत यायला लागलं, वैनी. आई, सांगा म्हनायला लागलं."

मी त्यांना दूध पाजलं.

दसऱ्याला मी परतले. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. सकाळपासून माझं लक्ष फोनकडे होतं. दुपारी त्यांचाच आला.

"भगर खाल्ली, मग गोळी घेतली," त्या म्हणाल्या.

"शाबास. घाम वगैरे?"

"न्हाई. बरी हाय." मग म्हणाल्या, "आज न्हाई आली."

मी उगाच सोयाबीनची चौकशी केली. मग विचारलं, "घरी कोणी आलं होतं का?"

"न्हाई," वन्सं म्हणाल्या. "कोन येतंय आता."