हरायला बसवलेलं गाणं

"कुठलं पावणं हे?" असं म्हणत मास्तर पेटीचा भाता मिटायचे आणि वर छताकडं बघायचे. चुकलेला सूर जणू तुळईवर जाऊन बसलाय. बावीस जणांत एकाचा जरी गळा घसरला तरी त्यांना कळायचं, पण कुणाचा ते कधी सांगायचे नाहीत. मी मागच्या रांगेतनं म्हणायचो, "गगनबावड्याचं दिसतंय मास्तर, भिजून आलंय." सगळे हसायचे. मास्तर म्हणायचे, "बरं. त्याला एस्टीत बसवून द्या आणि परत पहिल्यापासनं."

दिवसा ते सरकारी कचेरीत कारकून, संध्याकाळी आमच्या वृंदगानाचे मास्तर. आमची जागा तालमीच्या माडीवर. तिथं भाडं नव्हतं, एवढाच तिचा गुण. खाली पैलवान जोर मारायचे. आमची लय संथ झाली की त्यांचे जोरही संथ व्हायचे. मग वस्ताद जिन्यातनं ओरडायचा, "मास्तर, जरा पळवा की गाणं. पोरं झोपाय लागल्यात."

मी तेव्हा इंटर नापास होतो आणि गावातल्या कुणाचीही नक्कल करत होतो. मास्तरांची तर डोळे मिटून. त्यांचा आवाज वर गेला की फाटायचा. स्वतः कधी गायचेच नाहीत म्हणा ना. आम्हाला म्हणायचे, "माझा गळा देवानं घाईत केला. म्हणून तर तुम्हाला गोळा केलंय."

त्यांचं स्वतःचं असं एकच गाणं होतं. पंचगंगेच्या घाटावरची तिन्हीसांज, यमन रागात, बावीस गळ्यांसाठी. अकरा वर्षं ते त्यावर रंधा मारत होते. गणपतीत म्हणायला उभे राहिलो की शेजारच्या मंडळाचा कर्णा सुरू व्हायचा. मास्तर वैतागायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "एकदा गावानं हे नीट ऐकलं पायजे. मग माझं काय म्हणणं न्हाय."

आणि मग गावात सिनेमावाले आले.

सिनेमा वृंदगानावरच होता, पण गोष्ट आमच्या विरुद्ध होती. एक म्हातारे गुरुजी, त्यांचा शास्त्रीय गाणारा क्वायर. त्यांचा पुतण्या गिटार घेऊन मुंबईहून येतो, बेलबॉटमवाल्या पोरांचा क्वायर काढतो, आणि शेवटच्या रिळात स्पर्धा जिंकतो. पुतण्याचं गाणं मुंबईतनं टेपवर भरून आलेलं. गुरुजींच्या क्वायरसाठी त्यांना गावातलीच माणसं पाहिजे होती. दिग्दर्शक स्वतः माडी चढून आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचंच गाणं घेऊ. फक्त तुम्ही हरायचंय."

"हराय हरकत न्हाय," मास्तर म्हणाले. "गाणं पुरं वाजणार न्हवं?"

"पूर्ण वाजणार."

मास्तरांनी लगेच पेटी उघडली.

स्टुडिओत आम्ही गायलो. दिग्दर्शकांनी कपाळ चोळलं. "फार सुरात होतंय हो. लोक विचारतील, हे हरले कसे? थोडं बिघडवा."

दुसऱ्या कुणाला राग आला असता. मास्तरांनी चार दिवस मागून घेतले आणि बेसूर गाण्याच्या तालमी सुरू केल्या. "बेसूर म्हंजे मनाला येईल तसं न्हवं," त्यांनी बजावलं. कागदावर खुणा केल्या. गंधार आला की सगळ्यांनी खाली घसरायचं. कुणी मागं राहायचं नाही, कुणी पुढं जायचं नाही. चार संध्याकाळी आम्ही घसरायला शिकलो. पाचव्या दिवशी स्टुडिओत बावीस जण एकदम, एकाच मापानं घसरलो ते थेट कोमल गंधारावर जाऊन बसलो. यमन मोडायला गेलो आणि मधुवंती हा दुसराच राग झाला. कॅमेरावाल्यानं मान डोलावली. दिग्दर्शक म्हणाले, "हे तर आधीपेक्षा बरं वाटतंय."

मास्तर खरोखर शरमले. म्हणाले, "साहेब, आणखी आठ दिवस द्या. ह्यांना वळण लागलंय, मोडाय वेळ लागतो."

चहाची सुट्टी झाली. मास्तर गिटारवाल्या पोरांपाशी गेले, त्यांची टेप दोनदा ऐकली आणि खूश होऊन परत येताना मला म्हणाले, "अरं पोपटा, त्यांचं गाणंबी यमनच हाय. नुसती पँट बदललीय." आणि परत त्यांच्याकडं गेले, गिटारीवर यमन कुठं सापडतो ते बघायला.

इकडं मी कपबशी हातात घेऊन मास्तरांची नक्कल काढली. तेच गाणं, तोच फाटका आवाज, मधेच छताकडं बघणं. सगळे पोट धरून हसले. दिग्दर्शक हसले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "गुरुजींना हाच आवाज देतोस?"

नाही म्हणायला दोन सेकंद पुरले असते. ते मी केस विंचरण्यात घालवले.

पहिल्या खेळाला मास्तर इस्त्रीची टोपी घालून आले, काकूंना घेऊन. आमची बावीस जणांची अख्खी रांग. शेवटचं रीळ आलं. पडद्यावरच्या गुरुजींनी तोंड उघडलं आणि त्यातनं मी निघालो. थेटर फुटलं. लोक खुर्च्या बडवून हसले. त्या आवाजाखाली आमचे बाकीचे पंख्याच्या घरघरीएवढे ऐकू येत होते. गाणं मात्र कबूल केल्याप्रमाणं पूर्ण वाजलं. दिग्दर्शक शब्दाचे पक्के.

बाहेर सायकल स्टँडवर मी मास्तरांना टाळून कुलपाची किल्ली शोधत होतो. ते आलेच.

"तिसऱ्या ओळीत धैवत बरोबर लागला तुझा," ते म्हणाले.

"चुकून लागला, मास्तर."

"चुकून न्हाय लागत तो. पाच वर्सं घासलाय तुझ्याकडनं." टोपी सारखी करत म्हणाले, "तेवढं सोडलं तर हुबेहूब काढलायस."

मला वाटतं, एखादी थोबाडीत बसली असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

पुतण्याचं गाणं चार महिन्यांत लोक विसरले. गुरुजींचं राहिलं. कुरुंदवाडपासून शाहूवाडीपर्यंत ऑर्केस्ट्रात मला त्या एका आयटमसाठी बोलावणी यायला लागली. शाळेची पोरं फाटक्या आवाजात घाटावरची तिन्हीसांज म्हणत घरी जायची. पुढच्या गणपतीत आम्ही ते गाणं म्हणायला उभे राहिलो. त्या वर्षी शेजारचा कर्णा नेमका बंद होता. पहिल्या ओळीला मांडव हसायला लागला. मास्तरांनी पेटी मिटली, दुसरं गाणं घेतलं. त्यानंतर ते गाणं काढलंच नाही. मी ऑर्केस्ट्रात काढत राहिलो.

दोन वर्षांनी मास्तर गेले. कचेरीतनं आले, चपला काढल्या, काकूंना म्हणाले "जरा पडतो", आणि गेले.

माडीवर शोकसभा झाली. एका पुढाऱ्यानं भाषणात त्यांना "सिनेमा गाजवलेले कलावंत" म्हटलं. मास्तरांचा सिनेमाशी आलेला संबंध चार दिवस बेसूर व्हायचा प्रयत्न करण्यापुरता, आणि तोही साधला नव्हता. पण पुढारी जोरात होते.

सभा संपत आली तेव्हा काकू उभ्या राहिल्या. आम्हाला म्हणाल्या, "ते गाणं म्हणा. आणि मधी थांबू नका."

आम्ही उभे राहिलो. पहिल्या ओळीला दाराकडनं हसू आलंच. शोकसभा आहे हे माहीत असूनही लोकांना आवरेना. सवय मीच लावली होती. वस्तादानं वळून बघितलं. दुसऱ्या ओळीलाही कोणीतरी फिसकन हसलं, पण एकटंच. तिसरी ओळ आली आणि माडीवर फक्त गाणं उरलं. माणसं दारातनं, जिन्यातनं ऐकत उभी होती.

मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. उघडलं तर काय बाहेर येईल याची भीती होती. शेवटी उघडलं. आवाज मास्तरांचाच आला, फाटका. मला दुसरा येतच नव्हता. शेजारच्यानं दचकून बघितलं आणि पुढं गात राहिला, कारण सूर लागला होता.