पोचल्याचा फोन

“तिला एकटं राहायलाच आवडतं. आमची काय गरज नाय तिला.”

आई बाहेर नाशिकच्या काकूंना सांगत होती. मी गाडीत खिडकीपाशी कांदा चिरत बसले होते. पडदा अर्धा ओढलेला होता. माझ्या कानात इअरफोन असतील, असं तिला वाटलं असावं. नेहमी असतात.

“म्हणजे घरी एकटीच?” काकूंनी विचारलं. त्या आणि त्यांचे यजमान, दोघंही निवृत्त. सुरूच्या बनातल्या त्या कॅम्पवर त्यांची पांढरी, मोठी कॅरॅव्हॅन आमच्या शेजारीच उभी होती.

“घरूनच काम ना तिचं, लॅपटॉपवर. पण घराची दशा बघाल तर! मागच्या खेपेला आमी आलो, तर अंगणातली पानं पार देव्हाऱ्यापर्यंत. इंग्लिश मीडियमची ना ती. झाडूला हात लावायला नको.”

दोघी हसल्या. मी तोच कांदा आणखी बारीक चिरत राहिले.

बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली. शहापूर, किन्हवली, डोळखांब. मधली काही वर्षं मुरबाडहून धसईकडे. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ते घरी बसतील. त्यांनी एक जुनी मिनीबस विकत घेतली, बाकं काढून टाकली आणि किन्हवलीच्या सुताराकडून आत पलंग नि ओटा बसवून घेतला. आईने तिच्या जुन्या साड्यांचे पडदे शिवले. निघायच्या दिवशी शेजारच्या काकी कुंपणावरून ओरडल्या, “म्हातारपणी हनिमूनला चाललीत गो दोघं!” आई लाजली. तिला तसं लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि आत निघून गेले.

तेव्हापासून त्यांचं ठरलेलं आहे. भात झोडून घरात आलं की निघायचं, समुद्राच्या कडेकडेने फिरायचं आणि पावसाआधी राब भाजायच्या वेळेला शेतावर परत यायचं. रस्त्यात बसस्टॉप दिसला की बाबांचा पाय अजून आपोआप ब्रेकवर जातो. “अहो, कोण चढणारे आता?” आई म्हणते.

या वेळी थोडी सुट्टी काढून मीही त्यांच्याबरोबर आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बसमध्ये बसवून देणार होते आणि तसेच खाली सिंधुदुर्गाकडे जाणार होते. परत त्या घराचं कुलूप एकटीने उघडायचं, हे मला नको झालं होतं. हे त्यांना सांगायला माझ्याकडे तेवढी एकच संध्याकाळ उरली होती. आणि आई तर नाशिकच्या काकूंना उत्तर देऊन मोकळी झाली होती.

आमच्याकडे कुणी प्रवासाला निघालं की त्याच्यामागे लगेच घर झाडत नाहीत. माणूस पोचल्याचं कळलं, की मग केरसुणी हातात घ्यायची. हे मला आईनेच शिकवलं. शाळेची व्हॅन मला शहापूरला घेऊन गेली, की शाळा भरायची वेळ टळेपर्यंत ती केर काढायची नाही. मी शाळेत शिकलेल्या चार गोष्टी सांगून तिची चेष्टा करायचे.

ते पहिल्यांदा गाडी घेऊन गेले, त्या दिवशी मी केरसुणी उचलली आणि परत कोपऱ्यात ठेवली. फोन येईल म्हटलं. आला तो व्हिडिओ कॉल. आधी समुद्र दिसला, मग बाबांचं कपाळ.

“पोचलात का?” मी विचारलं.

“पोचायचं कुठं गो? घर बरोबरच आहे आमचं,” आईचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ते पुढे निघाले, तिसऱ्या दिवशी आणखी पुढे. दिवसभर मीटिंगमध्ये मी इंग्रजीत बोलायचे, आणि कॉल संपला की पायाखाली धूळ करकरायची. संध्याकाळची एसटी वळणावर हॉर्न देऊन जायची. त्यातून आपल्याकडे कुणी उतरणार नाही हे माहीत असूनही मी खिडकीशी जायचे. शेजारच्या काकींनी हाक मारली, तर आतूनच “काम चालू आहे” म्हणायचे. त्यांनीही पुढे हाका मारणं कमी केलं.

त्या दिवशी कॅम्पवर ऊन उतरल्यावर आम्ही टोकाच्या खडकांपर्यंत फिरायला गेलो. ओहोटी होती. नजर पोचेल तिथपर्यंत ओली, मोकळी पुळण. नाशिकचे काका-काकू आमच्या बरेच पुढे, शेजारी शेजारी चालले होते. आम्ही मात्र एकामागे एक. पुढे बाबा, पॅंट दुमडलेली. त्यांच्या मागे आई, चपला हातात. शेवटी मी. एवढ्या रुंद किनाऱ्यावरही आम्ही भाताच्या बांधावरून चालल्यासारखे चाललो होतो, आणि त्या दोघांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बाबा मागे न बघता काहीतरी सांगत होते. वाऱ्यामुळे माझ्यापर्यंत अर्धंच येत होतं.

खडकांशी बाबा वळले. “उद्या लवकर निघू बाय. बस चुकायला नको तुझी.”

“हो,” मी म्हणाले.

परतीलाही तीच रांग लागली. थोडं चालल्यावर आई पुढे बघतच म्हणाली, “आणि गेल्या गेल्या घर तेवढं झाडून घे गो. लोक काय म्हणतील?”

रागावून नाही म्हणाली. गॅस बंद कर म्हणावं, तसं.

मी रांगेतून बाहेर आले. पायाखालची वाळू गार आणि मऊ होती. भराभर दोन पावलं टाकून मी तिच्या शेजारी गेले, तशी ती दचकून बाजूला सरकली. मला जागा करून देत असावी.

“तुम्ही अजून पोचलाच नाहीत, आई,” मी म्हणाले. “मग घर कसं झाडू?”