जाऊबाईंना दाखवलेली मुंबई

लग्नाला तीन वर्षं झाली तरी मी गेटवे पाहिला नव्हता. परळच्या आमच्या एका खोलीत सासू-सासरे, दोन नणंदा आणि आम्ही दोघं. थोरल्यांसमोर नवऱ्याने बायकोशी थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. मी चुलीपाशी हातभर अंतरावर असले तरी हे सासूबाईंना म्हणत, "चहा झाला का, विचारा." थोरले नसले तरी नणंदा असायच्याच.

मग गावाहून थोरली जाऊ आली. तिला मुंबई दाखवायचं ठरलं आणि सासूबाई म्हणाल्या, "हिलाही ने, डबा धरायला." मला आनंद झाला तो गेटवेचा नव्हे. सासू-सासरे, नणंदा आसपास नसताना हे माझ्याशी दोन शब्द बोलतील, एवढीच आशा.

गेटवेपासून चौपाटीपर्यंत आम्ही चालत गेलो. हे आणि जाऊबाई पुढे, डबा आणि मी मागे. "वैनी, ह्याच कमानीतून साहेब परत गेला बरं का!" "वैनी, ही सगळी मुंबई महाराष्ट्रात आली पाहिजे!" रोज संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घोषणा देऊन ह्यांचा घसा बसलेला, तरी वैनींसाठी आवाज होता. ती म्हणाली, "मगे घेवा की! कोणी अडवल्यान?" दोघं खो खो हसली. तिच्या लुगड्याला ठिगळ होतं, पायात वहाणा नव्हत्या, तरी माझा जळफळाट होत होता. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी तिने मागे वळून विचारलं, "पाय दुखतत काय गो?" मी नाही म्हटलं. तिची माया मला त्या दिवशी नकोच होती.

चौपाटीवर पोचलो आणि जाऊ पाय भिजवायला पाण्याकडे निघून गेली. वाळूत आम्ही दोघंच उरलो. तीन वर्षांत प्रथमच. मी पदर सारखा केला आणि वाट पाहू लागले. हे समुद्राकडे बघत बसले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "डब्यात काय आहे, विचारा."

विचारायला तिथे कुणी नव्हतंच!

"अहो, मीच आहे इथे," मी म्हटलं. "आंबोळ्या आहेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखे कानापर्यंत लाल झाले. आता काहीतरी बोलतील असं मला वाटलं, तेवढ्यात हे उभे राहिले आणि पाण्याच्या दिशेने ओरडले, "वैनी, या हो लवकर!"

ती लुगड्याच्या ओल्या काठानिशी आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मी तिच्या पानात दोन आंबोळ्या जास्त वाढल्या. तोंड भरलेलं असलं म्हणजे निदान तेवढा वेळ तरी ती गप्प बसेल.

ती मुकाट्याने खात राहिली. बोलत हेच होते, तिच्याशी.