तात्याबाच्या हातचं बी

केम गावच्या शिवारात बियाणं म्हटलं की तात्याबा. ज्वारी राखेत घोळून कणगीत, दोडक्या-भोपळ्याचं बी शेणात थापून भिंतीला. तीस वर्षांत त्याच्या हातच्या एका दाण्यानं दगा दिला असेल तर शपथ! मेंढरांमागं दिवसभर हिंडून म्हातारा चार शब्द बोलायचा नाही, पण बियाण्यावर सुटला की बायको चिमाबाई म्हणायची, "झालं, आता भाकरी गार."

एकुलता लेक सिद्धनाथ रेल्वेच्या एका इंजिनेर साहेबाकडं माळी होता. साहेब सिलोनला गेला, तसा हाही गेला. गाव हसलं, "तात्याबाचं पोरगं रावणाच्या गावाला चाललं!" सन अठ्ठावीसच्या फाल्गुनात त्याचा सोबती, अक्कलकोटकडचा गुरुसिद्धप्पा, एकटाच परत आला. सिद्धनाथ तिकडं तापानं आठ दिवसांत गेला होता. गुरुसिद्धप्पानं त्याची घोंगडी पुढं ठेवली. तिच्यात एक तांबूस, खरबरीत, काकडीएवढं फळ होतं.

"कोको म्हन्त्यात ह्याला," तो म्हणाला. "बंगल्यामागं ह्याचीच बाग हाय. तिथली शेतकरी मानसं फळं फोडत्यात, बी आंबवून वाळवून गोऱ्यांला पाठवत्यात. सिद्धा म्हनला, माज्या बाला दे. पोचल्या पोचल्या लाव म्हनावं, सावलीत."

"व्हय," तात्याबा म्हणाला.

चिमाबाईनं हंबरडा फोडला. शेजारपाजार गोळा झाला. हा मात्र फळ हातात फिरवत बसला. त्याला रडूच येईना. काही वाटतच नव्हतं. माणसं बोलत होती ते दुसऱ्या कुणाच्या घरात चाललंय, असं त्याला वाटत राहिलं.

संध्याकाळी त्यानं फळ फोडलं. आत पांढऱ्या बुळबुळीत गरात बत्तीस बिया. लगेच लाव म्हणे! फाल्गुनात कुणी बी लावतं का? साहेबाच्या बागेत राहून पोर शेती विसरलं, असंच त्याला वाटलं. त्यानं राख लावून गर चोळून काढला. बियांना सात उन्हं दाखवली. कडुनिंबाचा पाला घालून त्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरल्या आणि तोंड शेणानं लिंपलं. जन्मात एवढ्या निगुतीनं त्यानं कुठलं बी राखलं नव्हतं. दहावा झाला, तेरावा झाला, लोक समाचाराला येऊन गेले. तात्याबा अधूनमधून तुंबा कानाशी नेऊन हलवायचा. बिया खडखड वाजायच्या. चांगल्या वाळल्यात, म्हणून त्याला बरं वाटायचं.

मिरगाला विहिरीजवळच्या आंब्याखाली त्यानं बत्तीस आळी केली. रोज पाणी घातलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. एक कोंब दिसेना.

"ऱ्हाऊ द्या की आता," चिमाबाई म्हणाली.

तो ऐकेना. लेकाकडून घरी आलेलं तेवढंच उरलं होतं.

शेवटी एक आळं उकरून, काळं पडलेलं बी घेऊन तो शाळेत एकनाथ मास्तरांकडं गेला. मास्तरांनी सोलापूरहून बागाइतीचं जाड पुस्तक मागवलं. ते आलं तेव्हा तात्याबाला समोर बसवून पान काढलं, वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"सांगा की."

"तात्याबा, हे मूळ अमेरिकेच्या रानातलं झाड. गोऱ्यांनी सिलोनात नेलं. याच्या बीला वाळणं सोसत नाही. फळातून काढलं की ओलं असतानाच लावायचं. वाळलं की मेलं." मग मास्तर घाईघाईनं म्हणाले, "पण मनाला लावून घेऊ नका. आपल्या उन्हात ते उगवूनही जळालंच असतं."

"उगवून जळालं असतं तरी चाललं असतं, मास्तर," तात्याबा म्हणाला. "माज्या घरात जितं आलं हुतं ते. म्या वाळीवलं."

घरी येऊन तो उंबऱ्यात बसला. कोनाड्यातला रिकामा तुंबा काढून त्यानं सवयीनं कानाशी हलवला. चिमाबाई चुलीपुढून बघत होती. चार महिन्यांत त्यानं लेकाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"चिमे," तो म्हणाला, "आपला सिद्धा गेला की गं."

आणि मग म्हातारा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा रडला.